बाबांच्या हिलमनला जाळ्याचा रंग

नंदाखालच्या इग्नेशियसला कुठल्याही कामाबद्दल "मी आहे ना" असं म्हणायची सवय होती. (त्याच्या घरचा रेडिओ, शिलाई मशीन आणि भिंतीवरचं घड्याळ, तिन्ही याच वाक्याने बंद पडलेली होती.) पण सासऱ्यांच्या मोटारीपुढे त्याने ते म्हटलं, तिथे सगळं फिसकटलं.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. तेव्हा वसईत मोटारी इतक्या थोड्या, की केळीच्या वाडीत पाणी लावणारा माणूस नुसत्या आवाजावरून कोणाची गाडी गेली ते सांगायचा. त्यातली एक इग्नेशियसच्या सासऱ्यांची, सांडोरच्या बॅप्टिस्टबाबांची. देश सोडून निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती जुनी हिलमन घेतली होती. आतल्या सीटा अस्सल चामड्याच्या, तांबड्या. मागच्या सीटवर बसून बाबांची बायको मार्था दर रविवारी चर्चमध्ये मिसेला जायची. त्याच सीटवर बसून थोरली लेक पॉलिन नवरी होऊन चर्चला गेली होती, आणि परत येताना शेजारी इग्नेशियस होता. त्या चामड्याचा उबदार वास त्याला अजून आठवायचा, आणि आठवला की त्याला उगाचच फार बरं वाटायचं.

आता मार्था नव्हती. चामड्याला भेगा पडल्या होत्या आणि बसायच्या जागेवरचा रंग पार उडाला होता. त्यात जानेवारीत धाकट्या लेकीचं, क्लेमेंटीनचं लग्न ठरलं. बाबा म्हणाले, "मुंबईहून सीटवाल्याला बोलावतो."

"मुंबईचा माणूस कशाला, बाबा? मी आहे ना," इग्नेशियस म्हणाला.

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी त्यांनी त्याला गाडीच्या स्टिअरिंगच्या चाकाला हात लावू दिला नव्हता. त्याला ते नावाने हाकही मारत नसत. नुसतं "जावयबापू", तेही वाण्याला 'शेटजी' म्हणावं तसं.

"सीट पूर्वीसारखी झाली, जावयबापू," ते म्हणाले, "तर नवरीची गाडी तुम्ही चालवा."

इग्नेशियसला त्या रात्री झोप लागली नाही. नवरी मागे, बाबा शेजारी, चाक आपल्या हातात आणि सगळा गाव रस्त्याच्या कडेला, एवढंच त्याला दिसत होतं.

त्याने सीटा साबणाने धुतल्या. वाडीतल्या नारळाचं तेल भेगांत जिरवलं. चामडं मऊ पडलं. राहिला रंग. त्याने बुटाच्या चेरी पॉलिशचे डबे आणले, तेव्हा पॉलिन म्हणाली, "क्लेमेंटीनचा गाऊन पांढरा आहे. मागून तांबडी झालेली नवरी फादरसमोर उभी करायची आहे का?"

म्हणजे न सुटणारा रंग हवा. इग्नेशियस विचार करत बसला आणि त्याला अर्नाळ्याची जाळी आठवली. पूर्वीची सुती जाळी कोळी लोक झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवायचे. छान तांबूस रंग यायचा. जो रंग समुद्रात सुटत नाही तो नवरीच्या गाऊनला काय लागणार? स्वतःच्या अकलेवर खूश होऊन त्याने सायकल काढली आणि अर्नाळ्याला आपल्या ओळखीच्या बळीरामकडे गेला.

बळीराम म्हणाला, "आता कोन रंगवतो, भाऊ? नायलॉन आला ना. बापूस करायचा. साल पान्यात कढवायची, एवढा ठावं हाय."

"कसल्या भांड्यात?"

"मोठ्या."

माळ्यावर सालीचं एक जुनं गाठोडं पडलं होतं, ते बळीरामने देऊन टाकलं. त्याला सुक्या बोंबलाचा वास येत होता, पण रंगाला वासाशी काय करायचं आहे, असं म्हणून इग्नेशियस ते घेऊन सांडोरला आला. बाबांकडे कार्याला वापरायची मोठी लोखंडी कढई होती. तिच्यात त्याने दिवसभर साल कढवली आणि संध्याकाळी सीटांना त्या काढ्याचा हात दिला. रंग तांबूस दिसत होता. पॉलिनसुद्धा "बरं दिसतंय" म्हणाली, आणि हे ती सहसा म्हणत नसे.

सकाळी सीटा काळ्या होत्या. काळपट नव्हे, कुळकुळीत काळ्या. (लोखंडात साल कढवली की शाई होते, हे पुढे एका मास्तरांनी त्याला समजावून सांगितलं. तेव्हा त्याला मास्तरांचाच राग आला.) त्याने साबण लावला, लिंबू चोळलं, वाळूने घासलं. रंग मात्र बोलल्यासारखा पक्का निघाला.

बाबा आले. गाडीभोवती एक फेरी मारली. आत हात घालून सीट चाचपली.

"लग्नच आहे ना आपल्याकडे?" त्यांनी विचारलं.

"रंग सुटत नाही, बाबा," इग्नेशियस म्हणाला.

"तेच तर."

पॉलिन घरात गेली. तिने आईची पेटी उघडली, मार्थाचं लाल चौकड्यांचं लुगडं काढलं आणि मागच्या सीटवर नीट अंथरलं. बाबा दाराशी उभे राहून पाहत राहिले. "मार्था बसल्यासारखी वाटते," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. त्या एका क्षणी इग्नेशियसला चाकाची आठवणही राहिली नाही.

लग्नाच्या दिवशी क्लेमेंटीन आईच्या लुगड्यावर बसून चर्चला गेली. गाडी बाबांनी चालवली. इग्नेशियस मागून टांग्यात आला, मांडीवर केकचा खोका घेऊन.

पुढे महिन्याभराने बाबा स्वतः नंदाखालला आले. खिशातून हिलमनची चावी काढून त्यांनी जावयाच्या हातावर ठेवली.

"इग्नेशियस," ते म्हणाले, "आज गाडी तू चालव."

नऊ वर्षांत पहिल्यांदा नाव. इग्नेशियस धावत आत गेला आणि लग्नातला सूट घालून आला. टाय बांधता बांधता त्याने विचारलं, "कुठे जायचं, बाबा?"

"वटारला. तिथल्या आपल्या ओळखीच्या ज्युलियसची आई वारली. घरच्या बायकांना चर्चमध्ये न्यायचं आहे. लुगडं काढून ठेवलंय. अशा कामाला आता आपली काळ्या सीटांची गाडी शोभते."

इग्नेशियसचा हात टायवरच थांबला. पण चावी तर हातात होती. "म्हणजे माझ्या ड्रायव्हिंगवर तुमचा विश्वास बसला म्हणायचा?"

"तसं नाही," बाबा म्हणाले. "मागे बसणाऱ्या आधीच रडत असतील. तुझ्या ड्रायव्हिंगमुळे रडतायत असं कोणाला वाटणार नाही."