परीक्षक खोगिरावर चढतो

घोडेस्वारीतलं मला जेवढं कळतं, तेवढं बेंगळुरूतल्या कुठल्याही मराठी माणसाला कळत नाही. ही बढाई नाही, माहिती आहे. माझे खापरपणजोबा एका संस्थानाच्या पागेत होते. पागेत नक्की काय करत होते, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. रक्तात उतरायचं ते उतरलंच आहे!

त्यामुळे आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा नयनाताई जेव्हा म्हणाल्या, "के. आर. पुरमच्या पुढे मोठा अश्वसोहळा आहे, त्यातलं एक पथक शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी निवडायचंय," तेव्हा परीक्षक कोण, हा प्रश्नच उरला नाही. त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर होता.

"तू शेवटचा घोड्यावर बसलास तो आपल्या लग्नात," माझी बायको स्मिता म्हणाली. "उतरवायला चौघं लागले होते."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. माझं सगळं लक्ष आप्पाजींकडे होतं. आप्पाजी म्हणजे माझे सासरे, घोडदळातले निवृत्त रिसालदार. रंगरुटांना घोड्यावर बसायला शिकवण्यात त्यांची हयात गेली. लग्न झाल्यापासून त्यांनी मला एकदाही बरं म्हटलेलं नाही. वाईटही म्हटलेलं नाही. ते फक्त 'हं' म्हणतात. मी सरकारी कारखान्यात इंजिनिअर झालो, हं. बनशंकरीत घर घेतलं, हं. सध्या मोतीबिंदू काढायला ते आमच्याकडे आले होते आणि नव्या डोळ्यांनी सगळं जग तपासत होते. म्हटलं, आता यांच्या देखत असं परीक्षण करायचं की म्हाताऱ्याच्या तोंडून एक तरी शाबासकी निघाली पाहिजे. मला ती हवी होती. खोटं कशाला बोलू, फार हवी होती.

सोहळा म्हणजे मंगल कार्यालयाची रोषणाई नुसती! धूर काय, लेझर काय, स्पीकरच्या भिंती काय. दीडशे घोडे आणले म्हणे. पहिल्या पथकाचे स्वार पळत्या घोड्यांवर उभे राहून एकमेकांच्या खांद्यावर चढले. दहीहंडी फोडायला घोडे कशाला हवेत? दुसऱ्या पथकाचे घोडे डीजेवर नाचले. तिसऱ्या पथकाने त्यांना पेटत्या कड्यातून उड्या मारायला लावल्या. उडी घोड्याची, भाजण्याची भीती घोड्याला, टाळ्या मात्र वर बसलेल्याला. आमच्या ऑफिसातही हेच चालतं, तिथे निदान धूर सोडत नाहीत.

चौथं पथक मालोजीरावांचं. हे बेंगळुरूतले पिढीजात मराठे, त्यांच्या घरी आजोबांपासून घोडे. त्यांच्या खेळाचं नाव 'रणांगण'. स्वार बाण लागून पडतो, त्याची घोडी कस्तुरी ढोलाच्या ठेक्यावर लंगडते, गुडघे टेकते आणि धन्याच्या छातीवर मान टाकून प्राण सोडते. सगळं मैदान नाक पुसत होतं.

"घोडी आहे की नाटकातली नायिका?" मी आप्पाजींना म्हटलं.

"हं," आप्पाजी म्हणाले. डोळे मैदानावरच.

शेवटी माइक माझ्या हातात आला. "घोडेस्वारी म्हणजे स्वाराची मांडी आणि घोड्याची पाठ यांची बातचीत," मी सुरुवात केली. "इथे बातचीत करत होता तो लाइटवाला. तमाशा भरपूर, स्वारी शून्य. चारही पथकं बाद."

टाळी एकही पडली नाही. नयनाताई तरातरा आल्या.

"चारही? अहो अजितराव, मिरवणूक रविवारी आहे. पुढे काय चालवू, माझी स्कूटर?"

मालोजीराव मात्र शांत होते. "सरी, बरं," ते म्हणाले. "साहेबांना मांडीचं कळतंय. मग अण्णा, तुम्हीच बसा की. आमची कस्तुरी देतो. लई शाणी आहे."

माझ्या कंबरेचं जुनं दुखणं आता सांगणारच होतो, एवढ्यात आप्पाजी काठीवर भार देऊन सरसावून बसले.

"बसा की, जावईबापू," ते म्हणाले. "बघू तरी."

बघू तरी! इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल दाखवलेली ही पहिली उत्सुकता. कंबर गेली खड्ड्यात.

रविवारी सकाळी बनशंकरीच्या रस्त्यावर ही गर्दी. आप्पाजींची खुर्ची मेडिकलच्या दुकानासमोर, अगदी पुढे. मी फेटा, जरीचा अंगरखा वगैरे घालून स्टुलावरून कस्तुरीवर चढलो. लगाम हातात देताना मालोजीराव हळूच म्हणाले, "ढोल वाजला की लगाम स्वल्प सैल सोडा, अण्णा. ओढू मात्र नका."

"लगाम मला शिकवू नका," मी म्हणालो.

कोपऱ्यापर्यंत मी खरोखर शोभत होतो. स्मिताने काढलेल्या व्हिडिओत दिसतं ते. मग मागून ढोलपथक सुरू झालं. एचएसआर लेआउटची आयटीतली पोरं ती, आठवडाभर बॉसवर काढता न आलेला राग रविवारी ढोलावर काढतात. कस्तुरीचे कान उभे राहिले आणि ती लंगडू लागली. मला वाटलं, खुरात खिळा गेला. कुठलाही जबाबदार स्वार करील तेच मी केलं. होता नव्हता तेवढा जोर लावून लगाम ओढला.

लगामाचा असा झटका ही त्यांच्या खेळातली खूण आहे, हे मला नंतर कळलं. त्याचा अर्थ, बाण लागला.

कस्तुरीने पुढचे गुडघे टेकले. मी तिच्या मानेवरून घसरगुंडीसारखा खाली आलो आणि रस्त्यावर उताणा पडलो. उठायच्या आत ती शेजारी अलगद आडवी झाली आणि माझ्या छातीवर मान टाकून तिने प्राण सोडला. घोडीची मान किती जड असते, हे परीक्षकाच्या खुर्चीतून कळत नाही.

"ढोल थांबवा!" मी ओरडलो.

"हर हर महादेव!" लोक ओरडले, आणि ढोल दुप्पट वाजू लागले. ढोल थांबल्याशिवाय ती उठणार नव्हती आणि ती इतकी सुरेख मेली होती की कुणी ढोल थांबवायला तयार नव्हतं. एका कन्नड अज्जींनी येऊन माझ्या पायांवर फुलं वाहिली, हात जोडले आणि डोळे पुसले. जिवंत माणसाला कुणी असा नमस्कार करत नाही.

अखेर मालोजीरावांनी पोरांना हात केला. ढोल थांबले, कस्तुरी उठली, अंग झटकलं आणि चारी दिशांना मान लववून तिने लोकांचे आभार मानले. शिट्ट्या काय, टाळ्या काय!

"अजितराव, काय पडलात हो!" नयनाताई गहिवरल्या होत्या. "'रणांगण' तुम्ही स्वतः करणार, हे बोलला नाहीत ते?"

आता मी पडलो म्हणावं, तर स्वार म्हणून संपलो. खेळ केला म्हणावं, तर ज्याला माइकवरून तमाशा म्हटलं तोच भररस्त्यात केला. मी जरीवरची धूळ झटकली.

"थोडा सराव केला होता," मी म्हणालो.

आणि तडक आप्पाजींकडे गेलो. ते खुर्चीतून उठून उभे होते. त्यांचे नवे डोळे चक्क भरून आले होते. मी फेटा काखेत मारून समोर उभा राहिलो.

"कसं काय वाटलं, आप्पाजी?"

"लाखात एक," ते म्हणाले. "अशी घोडी पलटणीत नव्हती पाहिली. डोळ्यांचं पारणं फिटलं."

मी थांबलो. अजून काहीतरी येणार होतं, दिसत होतं. आप्पाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"पुढच्या वर्षी मात्र, जावईबापू," ते मायेने म्हणाले, "तिच्यावर कुणाला तरी बसवा."