पास्कोलकाका दार वाजवून आत जातात

पास्कोल डाबरे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, रमजान लागायच्या आधीच्या रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, मस्कतमधल्या एका हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर. वार आणि वेळ मुद्दाम सांगतेय. अन्याय करणाऱ्यांना पुढे काहीच आठवत नसतं. मला आठवतं, कारण मी त्याच हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात आहे आणि ते पत्र माझ्याच प्रिंटरमधून निघालं.

पत्र असं होतं, की आमच्या अर्बाबनी, म्हणजे मालकांनी, हॉटेलात दारू बंद करायचं ठरवलंय. तळघरातल्या जुन्या वाइन लंडनच्या एका लिलावघरामार्फत विकल्या जातील. सबब पास्कोल डाबरे यांची गरज उरलेली नाही. खलास. त्यामागोमाग लिलावाच्या कॅटलॉगसाठी मजकूर निघाला : 'हा संग्रह बावीस वर्षं खन्ना साहेबांच्या देखरेखीखाली होता.' खन्ना साहेब आमचे मॅनेजर. हॉटेलात येऊन त्यांना चार वर्षं झालीत.

आता बावीस वर्षं तिथे खरोखर कोण होतं ते ऐका.

पास्कोलकाका मूळचे वसईचे, एसी मेकॅनिक. तळघराचा एसी बिघडला म्हणून आत गेले, ते बावीस वर्षांनी बाहेर आले. आत जाताना चप्पल बाहेर काढायची, दारावर दोनदा टकटक करायची, एक श्वास थांबायचं आणि मगच कडी काढायची. एकदा मी म्हटलं, "काका, आत कोण आहे दार उघडायला?"

"उघडायला नाय गो बाय. झोपलेल्या माणसाच्या खोलीत धाडकन जातात काय?"

'झोपू दे त्याला' हे त्यांचं पेटंट वाक्य. कुणी बाटली जोरात उचलली, की "झोपू दे त्याला." एक मोठे पाहुणे तळघर बघायला आले आणि खणखणीत आवाजात इंग्रजी झाडू लागले, तर काकांनी सरळ ओठांवर बोट ठेवलं. पाहुणे बाकीचा वेळ कुजबुजत होते. स्वतः काका थेंबाला शिवत नाहीत. "नर्सनं पेशंटचं औषध पिऊ नये," म्हणतात.

फ्रेंच नावं त्यांना उच्चारता येत नसत. म्हणून त्यांनी प्रत्येक कप्प्याला आपल्याच मनानं एकेक नाव दिलं. सकाळ-संध्याकाळ तापमान बघायचं आणि जाड रजिस्टरमध्ये मराठीत लिहायचं. 'इनासमामा : १३ अंश. अजून रागात. दोन वर्षं बोलू नये.' 'डुमिंग : १३. मुरतोय.' 'सांतानमावशी : नाजूक. हात लावू नये.' नवव्या कप्प्यापुढे मात्र रोज एकच : 'सिसिल : बरी आहे.'

अशी चौदा रजिस्टरं. ती खन्ना साहेबांनी उचलली, वरची नावाची चिठ्ठी फाडली आणि आपल्या टेबलावर रचली. काकांची बॅग भरून बौशरच्या स्टाफ क्वार्टरमध्ये तयार. ते तिकिटाची वाट बघत बसले होते. मी गेले तर म्हणाले, "नाव जाऊ दे गो. पण आडव्या बाटल्या कुणी उभ्या करून ठेवल्या तर? बुचं सुकतील."

नाव जाऊ दे! कॉलेजात असताना मी वसईत पत्रकं लिहायचे, वाटायचे, चिकटवायचे. इथे ती सोय नाही. त्यामुळे माझा सगळा राग तोंडात साठून राहतो.

तो सुटला बुधवारी. लिलावघराच्या बाई लंडनहून तळघर तपासायला आल्या. उंच, शांत, हातात छोटी बॅटरी. खन्ना साहेबांनी टिपणं काढायला मला सोबत घेतलं. ही त्यांची चूक.

बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे उन्हाळ्यात पन्नास अंश होतात. या बाटल्या शिजल्या नाहीत कशावरून? कशा ठेवल्या ते कळलं नाही, तर मी यातली एकही विकणार नाही."

"रेकॉर्ड आहे ना, मॅडम! माझं स्वतःचं," म्हणत साहेबांनी रजिस्टर पुढे केलं. बाईंना मराठी कुठून येणार? पण कुठे किती लिहिलंय एवढंच बघत त्या पानं चाळत गेल्या आणि एका पानावर थांबल्या. रोजच्या एवढ्याशा नोंदी, आणि त्या दिवशी पानभर मजकूर.

"इथे काय झालं होतं?"

साहेबांना देवनागरी वाचता येते. ते अडखळत वाचू लागले, "सांतान… मावशी… घाबरली… अं… सप्लायर का नाम है, मॅडम."

"सप्लायर घाबरला?" मी विचारलं.

"तुम चुप रहो."

गप्प? मी? मी बाईंना पूर्ण पान इंग्रजीत वाचून दाखवलं : 'दुपारी लाईट गेली. किचनमधून बर्फ आणला. पुठ्ठ्यानं वारा घातला. सांतानमावशी दाराजवळ, ती घाबरली. संध्याकाळी लाईट आली. आता सगळे ठीक.' आणि शेवटी माझं स्वतःचं एक वाक्य जोडलं : "मॅडम, ज्यानं हे लिहिलंय त्याला या साहेबांनी रविवारी काढून टाकलंय."

बाई म्हणाल्या, त्यांना बोलवा. अर्ध्या तासात टॅक्सीनं काका आले. इस्त्रीचा शर्ट, पायात चप्पल. चप्पल काढली. दार उघडंच होतं, आत आम्ही तिघं उभे; तरी त्यांनी चौकटीवर टकटक केली आणि एक श्वास थांबले.

बाईंनी विचारलं, लाईट गेली तेव्हा नुकसान काय झालं? खन्ना साहेब डोळ्यांनी खुणावत होते, नाही म्हण, नाही म्हण. काका सरळ दाराजवळच्या कप्प्याकडे गेले, दोन्ही हातांनी, तान्हं मूल उचलावं तशी एक बाटली उचलली आणि मला म्हणाले, "सांग त्यांना. त्या दिवशीच्या गरमीनं हिचं बूच जरा वर आलंय. ही विकू नका, खोटं होईल. बाकीचे सगळे खणखणीत."

बाईंनी बॅटरी मारली. बूच केसाएवढं वर होतं. स्वतःच्या मालाविरुद्ध साक्ष देणारा माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी ती बाटली तिथेच उघडली, एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला.

"थकलीय," त्या म्हणाल्या, "पण गोड आहे."

मी भाषांतर केलं. काका हसले. "तशीच होती ती."

मग लिलावघराच्या बाईंनी आपले बूट काढून बाहेर ठेवले आणि बाकीचं तळघर अनवाणी तपासलं. खन्ना साहेबांनाही काढावे लागले. उजव्या मोज्याला भोक होतं. हे लिहायची गरज नाही, पण मी लिहिणार.

कॅटलॉग छापून आलं. पहिल्या पानावर एकच नाव : पास्कोल डाबरे. 'यांनी बावीस वर्षं सांभाळलेलं तळघर.' काकांचं परतीचं तिकीटही लिलावापर्यंत पुढे ढकललं गेलं.

लिलावाच्या संध्याकाळी क्वार्टरच्या एका खोलीत आम्ही पंधराजण एका लॅपटॉपपुढे. इनासमामा आले, तशी बोली चढत गेली आणि हातोडा पडला. खोलीनं शिट्ट्या मारल्या. डुमिंग! हातोडा. "यल्ला, पुढचा!" एकही बाटली विकल्यावाचून राहत नव्हती. आमचा कुक पलंगावर चढून नाचला. मी तर ओरडून ओरडून घसा बसवला. जिंकलो होतो आम्ही, साफ जिंकलो होतो.

फक्त काका प्रत्येक हातोड्याला छातीवर क्रूस काढत होते.

"हे काय काका? आनंदाची वेळ आहे."

"आनंदच गो. माती मिळाली सगळ्यांना." मग हळूच सांगितलं. इनासमामा वारले तेव्हा रजा मागितली. तेव्हाचे साहेब म्हणाले, 'नेक्स्ट मंथ देखेंगे.' त्याच आठवड्यात नवीन पेटी आली. तिला मामांचं नाव दिलं. डुमिंग भाऊ, तेव्हाही नेक्स्ट मंथ. मग सांतानमावशी. "मयताला जाता आलं नाय. म्हटलं, निदान इथे रोज दोनदा दार वाजवून विचारपूस तरी करीन."

तेवढ्यात नववा कप्पा पडद्यावर आला. मी विचारलं नाही. सिसिल काकूंचा फोटो त्यांच्या पाकिटात असतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्या गेल्या तेव्हा मॅनेजर खन्ना साहेबच होते.

हातोडा पडला. काकांनी क्रूस काढला आणि म्हणाले, "बरी आहे."

आता तुम्ही. हो, तुम्हीच, जे खुर्चीत बसून हे वाचताय. तुमच्या टेबलावर कुणाचा तरी रजेचा अर्ज पडलाय. कारणाच्या रकान्यात कुणीतरी वारल्याचं लिहिलंय. पेन उचला. पुढच्या महिन्यात नाही. आत्ता सही करा.