ग्राफिक्स कार्ड खरेदी समिती

"कार्ड मी निवडतो," असं मी चहा पिता पिता म्हणालो. एवढंच. चहा पिताना माणूस काहीही बोलतो, ते कुणी मनावर घ्यायचं नसतं. पण माझ्या लेकीने घेतलं.

तिला परगावी नोकरी लागली होती. दोन महिन्यांनी रुजू व्हायचं होतं आणि जाताना स्वतःच्या साठवलेल्या पैशांत जुळवलेला गेमिंग कॉम्प्युटर सोबत न्यायचा होता. बाकीचे भाग तिने पटापट आणले, स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः जोडले. राहिलं होतं ग्राफिक्स कार्ड. खेळातली चित्रं पडद्यावर झरझर पळवतं ते हेच, आणि सगळ्यात महागही हेच. ते निवडतो म्हणताना माझी छाती फुगली, ती उगाच नाही. सरकारी कचेरीच्या खरेदी शाखेत मी एकतीस वर्षं काढली आहेत. (टाचण्या तर मी इतक्या घेऊन ठेवल्यात की माझ्यानंतरच्या तीन साहेबांना पुरतील.) निवृत्त होऊन सात महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत मला कुणी काहीही विचारलं नव्हतं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर पहिली बैठक भरली. मी अध्यक्ष, बायको वित्त विभाग, लेक मागणीदार. मी कोरी फाइल काढली, तिला फीत बांधली.

"बाबा, हे कार्ड. आठ जीबी, दोन पंखे, माझ्या बजेटात बसतंय. संपलं," लेक म्हणाली.

"असं संपत नसतं. तीन कोटेशन्स लागतात."

"तिन्ही दुकानांत हेच कार्ड आहे."

"मग तीनदा लिहून आण."

दुसऱ्या रविवारी मी कार्डाच्या लांबीवर त्रुटी काढली. तिसऱ्या रविवारी पंख्यांवर.

"आपल्या अख्ख्या हॉलला एक पंखा आहे. ह्याला दोन कशाला?"

"ते तापतं, बाबा."

"मीही तापतो."

"तुम्हाला थंड करायला मी आहे," वित्त विभाग म्हणाला.

चौथ्या रविवारी पॉवर सप्लायला कार्डाचा भार झेपेल का, हा वॅटचा प्रश्न मी असा काही टाकला की माझा मलाच अभिमान वाटला.

आता खरं सांगतो. दुसऱ्या रविवारपर्यंत मी मोबाइलवर सत्तावीस व्हिडिओ पाहिले होते आणि पहिलंच कार्ड योग्य आहे हे मला पक्कं कळलं होतं. पण फाइल बंद झाली की लेक टेबलावरून उठणार. ती सहा वर्षांची असताना शनिवारी मी तिला कचेरीत न्यायचो. माझ्या टेबलावर पाय हलवत बसायची आणि रद्दी कागदांवर 'तपासले' असे शिक्के मारायची. कागद संपले की तळहातावर. एकदा माझ्या नव्या शर्टावर. (तो शर्ट मी पुढे कितीतरी दिवस तसाच वापरला. लोक म्हणायचे, तपासून घेतलेला माणूस दिसतो.) घरी येताना माझं बोट धरायची. मग शाळा आली, कॉलेज आलं, कानावर हेडफोन आले, खोलीचं दार बंद झालं. आणि आता तीच पोर दर रविवारी समोर कोपरं टेकून माझ्याशी दीड-दीड तास हुज्जत घालत होती. मला ते फार हवंहवंसं वाटत होतं. म्हणून मी त्रुटी काढत राहिलो.

सहा बैठका झाल्या. तिच्या जाण्याला आठ दिवस उरले, तेव्हा मात्र मन खाऊ लागलं. पोर कार्डाशिवाय जाईल आणि मला जन्मभर बोल लागेल! गुरुवारी ती बॅग घ्यायला बाहेर पडली, तसा मी दुकान गाठलं. कोटेशन नाही, बैठक नाही, तेच कार्ड घेतलं. घरी येऊन खोक्याचं सील टरकावलं, कॉम्प्युटर आडवा केला आणि बाजूचा पत्रा उघडला.

आत एक कार्ड होतं.

खोक्यावरच्या चित्राशी ताडून पाहिलं. तेच. पंख्यावरून बोट फिरवलं, तर धूळ. कुठली वस्तू किती दिवस पडून आहे हे मी धुळीवरून सांगू शकतो. ही सव्वा महिन्याची होती.

"अगं, ह्यात कार्ड आहे!"

"असणारच. पहिल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी आणलं तिने," बायको हात पुसत आली. "रोज खेळतेय की."

(दाराआडून गोळीबार ऐकू येई. मला वाटायचं, शेजाऱ्यांचा टीव्ही.)

"मग सहा रविवार माझ्याशी भांडत कशाला बसली?"

"निवृत्त झाल्यापासून तुम्ही जेवताना चकार शब्द काढत नव्हतात. त्या दिवशी पेन मागितलंत, ओरडलात, चक्क हसलात. ती म्हणाली, आई, बाबांची ही फाइल बंद होऊ द्यायची नाही. तुमचे प्रश्न संपायला आले की तीच नवा सुचवायची. ते वॅटचं कुणाचं होतं?"

मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच फरशीवर बसून राहिलो. मी तिला धरून ठेवतोय असं मला वाटत होतं, आणि इकडे पोरीनेच मला सांभाळलं होतं.

तेवढ्यात ती आली. उघडा कॉम्प्युटर पाहिला, माझ्या मांडीवरचा खोका पाहिला आणि नवी बॅग बाजूला ठेवून माझ्यासमोर फतकल मारून बसली.

"बाबा, रविवारी बैठक आहे ना?"

"आहे," मी कसाबसा म्हणालो. "विषय, जादा कार्ड दुकानदाराला परत करणे."

तिने खोक्यातलं बिल उचललं, उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "सील फोडलेला माल परत घेतला जाणार नाही." मग माझ्याकडे पाहून ती जी हसत सुटली, ती डोळे पुसेपर्यंत. मीही पुसले. माझे अश्रू हसून आलेले नव्हते, पण ते फाइलवर आणायचं कारण नाही.

बायकोने एकदा त्या कार्डाकडे पाहिलं, एकदा ह्या कार्डाकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

"एकतीस वर्षं सरकारच्या पैशाने खरेदी करत होतात, तेच बरं होतं."