फीत आणि दोनशे बारा पायऱ्या

हा नियम ज्यांनी काढला, त्यांनी आयुष्यात एकही क्रेन चढून पाहिलेली नाही. कंबर शंभर सेंटिमीटरच्या वर गेली की चालकाला खाली उतरवा. का, तर जाड्याला मधुमेह होणारच, आणि वर असताना चक्कर आली तर? झालं. कागद निघाला, सही झाली, आणि एकोणीस वर्षांत वरून एक खिळाही न पाडलेला माणूस स्टोअरमध्ये हातमोजे मोजत बसला.

क्रेनवाल्याची कंबर एकशे दहा भरली होती. मोजली सुरक्षा अधिकाऱ्यांनी. ते इतके बारीक की साइटवर सगळे त्यांना फीतसाहेब म्हणत. त्यांच्या पाठीमागे, अर्थात.

"साहेब, रक्त तपासून आलोय. साखर नॉर्मल आहे."

"आज नॉर्मल आहे. उद्याचं काय? हे पोट काय सांगतंय बघा."

"पोट काही बोलत नाही, साहेब. नुसतं माझ्या पुढं चालतं."

तीन आठवडे असे गेले. घरी बायको म्हणाली, "बसून बसून पट्ट्याला आणखी एक भोक पाडायला लावलंत. असंच चाललं तर त्यांचं म्हणणं खरं कराल."

मुलगी एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. ती म्हणाली, "बाबा, चरबी म्हणजे नुसतं गोदाम नसतं. तिच्या पेशींत बारीक बारीक भट्ट्या असतात, तंतुकणिका म्हणतात त्यांना. त्या विझत आल्या की गोदाम बिघडतं. माल बाहेर सांडतो, यकृतात शिरतो, स्नायूंत शिरतो, मग साखर चढते. आमच्याकडे तेच तपासतात. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना जाड माणसाची चिमूटभर चरबी हवीच आहे. शेजारी ठेवायला एक बारीक माणूस मिळाला की झालं."

हे फीतसाहेबांच्या कानावर गेलं. "माझी घ्या की. निरोगी कशाला म्हणतात ते तरी कळेल."

सुई दोघांच्या पोटात गेली. क्रेनवाला नुसता "हं" म्हणाला. फीतसाहेबांच्या पोटात चिमूट शोधता शोधता डॉक्टरांना घाम फुटला.

निकाल आला. जाड माणसाच्या बाटलीतल्या भट्ट्या धडाडून पेटलेल्या. बारीक माणसाच्या पेंगत होत्या.

"बाटल्या बदलल्यात," फीतसाहेब म्हणाले. "पोरगी तिथंच कामाला आहे. बापासाठी चिठ्ठ्या इकडच्या तिकडे केल्या."

मोठ्या बाईंनी मुलीकडून नमुन्यांच्या खोलीची किल्ली काढून घेतली. म्हणजे आता बापाची क्रेन गेली होतीच, लेकीची नोकरीही टांगणीला लागली.

"परत टोचा," फीतसाहेबांनी हुकूम सोडला. "या वेळी माझी बाटली मी सोडणार नाही." चिठ्ठीवर स्वतः सही केली, बाटली मुठीत धरली आणि यंत्राच्या तोंडाशीच सोडली.

निकाल तोच.

बाईंनी चष्मा काढला. "साहेब, तुमची साखर शेवटची कधी तपासली?"

"मी कशाला तपासू? माझी कंबर सत्त्याहत्तर आहे."

रक्त काढलं. साखर चढलेली होती.

"वेळेवर सापडली," बाई म्हणाल्या. "गोळी घ्या, जेवण सांभाळा, आणि बसू नका." फीतसाहेब मटकन खुर्चीत बसले, मग आठवण होऊन उठले. मुलीला किल्ली परत मिळाली. तिने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"तुम्हीही फुगू नका," बाई क्रेनवाल्याला म्हणाल्या. "पोट उतरवायलाच हवं. भट्ट्या कायम पेटत्या राहतीलच असं नाही. व्यायाम काय करता?"

"कसला व्यायाम, बाई? दोनशे बारा पायऱ्या. सकाळी वर, जेवायला खाली, परत वर. मला खाली उतरवेपर्यंत."

सगळ्यांनी फीतसाहेबांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंबर पुन्हा मोजली. फीत पोटावरून गेली, पाठीमागे गेलीच नाही.

"साहेब, पाठ राहिली."

"तुम्ही क्रेन चालवा. मोजणं मला येतं." आणि फॉर्मवर अठ्ठ्याण्णव लिहिलं.

आता रोज सकाळी दोघं मिळून शिडी चढतात. साहेब तिसऱ्या टप्प्यावर थांबतात. वरून आवाज येतो, "दम खा, साहेब. क्रेन कुठं पळून जात नाही."

नियम मात्र भिंतीवर अजून तसाच आहे. तो काढणाऱ्यांना एकच विचारायचंय. चढणाऱ्या माणसाला खाली आणून खुर्चीवर बसवलंत, ते कुणाच्या तब्येतीसाठी? उत्तर द्या. आणि खुर्चीवरून उठून द्या.