बिरूआप्पांची मोबाइलमधली मेंढरं

नवा फोन हातात आला की माणसं आधी त्याचा कॅमेरा बघतात. आमचे शेजारी बिरूआप्पा तो कानाशी नेऊन हलवतात, अंगठ्यानं त्याची पाठ दाबतात आणि तळहातावर ठेवून, डोळे मिटून वजनाचा अंदाज घेतात. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात ते मेंढा असाच पारखायचे. मी त्यांना स्कूटीवर बाजाराला नेलं की मोबाइलच्या दुकानात हा कार्यक्रम ठरलेला. घ्यायचं काहीच नसतं.

"आप्पा, चार कॅमेरे आहेत," दुकानदार सांगतो.

"डोळं चार हायत, पन मालकाला वळखतंय का?"

"म्हणजे काय! तोंड दाखवलं की उघडतो."

तसा एक फोन त्यांच्या मुलानं आणून दिलाही. पहिल्याच दिवशी आप्पांनी डोक्याचा पटका काढला आणि फोन उघडेना. "माझं मेंढरू मला आंधारात वासावरनं वळखायचं," एवढंच बोलून त्यांनी पटका परत बांधला.

आप्पांचं घराणं मेंढरं राखणारं. पुढं आमच्या निमोण्यात जमीन झाली, घर झालं, तरी आप्पांनी थोडी मेंढरं ठेवली होती. मग चरायच्या रानात कंपन्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, गुडघेही बोलायला लागले, आणि मेंढरं विकली गेली. तेव्हापासून आप्पांकडे वेळ आणि मतं दोन्ही भरपूर.

गावाच्या ग्रुपवर त्यांचं मत वाईट. "पारावर मानूस बसल्यालं तरी दिसतं. हितं नुसतं आंगठं." कुणीतरी तिथं कारल्याच्या रसानं गुडघे बरे होतात असं पाठवलं. आप्पांनी बोलून निरोप धाडला, "तू प्यालास का? न्हाई? मंग मला का पाजतो?" त्यानंतर दोन भावक्यांत भांडण झालं आणि आप्पा ग्रुपमधून बाहेर पडले. आठवड्यानं परत आत आले. पुन्हा बाहेर पडले. आता कुणी विचारत नाही.

पुण्यात शिकणाऱ्या नातीनं त्यांच्या फोनवर मेंढरं पाळायचा एक गेम टाकून दिला. आप्पांनी दोन दिवस खेळून मला बोलावलं आणि कंपनीला तक्रार लिहायला बसवलं. मी कारेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, त्यामुळं माझं इंग्रजी पक्कं असा त्यांचा समज.

"लिव. समद्या मेंढरांची तोंडं येकच हायत, वळखायचं कसं? लेंड्या न्हाईत. आन् कोकरू आईला सोडून येकटं कसं काय झोपतंय?"

उत्तर लगेच आलं. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, खेळत राहा.

"वाचलं न्हाई त्येंनी," आप्पा म्हणाले.

काही दिवसांनी गेम नवा होऊन आला आणि सगळ्या मेंढरांच्या डोक्यावर लाल टोप्या आल्या. आप्पा माझ्याशी बोलेनात, जणू त्या मीच शिवल्या होत्या.

पण खेळ काही सुटला नाही. त्यात अनोळखी माणसांची टोळी असते. टोळीतल्या माणसांना एकमेकांच्या मेंढरांना पाणी पाजता येतं. पाणी चुकलं की मेंढरं मरतात. आप्पांच्या टोळीचा म्होरक्या इंदूरचा कुणी कॉलेजातला पोरगा होता. बादल नावाचा एक गडी बरेच दिवस आला नाही, तेव्हा या पोरानं जाहीर केलं, महिना संपला की न येणाऱ्यांना काढून टाकणार. टोळीबाहेर गेला की बादलच्या मेंढरांना पाणी पाजणार कोण?

मी ड्यूटीला निघाले होते. आप्पा दारात फोन घेऊन उभे.

"पोरी, हिंदीत लिव. मानूस दिसंना म्हनून त्याच्या मेंढरांचं वाडगं मोडत न्हाईत."

पोरानं हसरं तोंड पाठवलं. खाली लिहिलं, नियम म्हणजे नियम, अंकल.

महिन्यात सगळ्यात जास्त गुण मिळवणारा टोळीचा म्होरक्या, हाही नियमच होता. आप्पा कामाला लागले. बांधावर, एसटी स्टँडवर, दाढी करताना न्हाव्याच्या खुर्चीत आप्पा खेळत होते. महिना संपला आणि आप्पा म्होरके झाले. कुणालाही काढायचं नाही, हा त्यांचा एकमेव हुकूम. टोळी गुणांच्या यादीत घसरत खाली गेली. एकेक जण निघून गेला, इंदूरचा पोरगाही. शेवटी टोळीत आप्पा उरले, आणि न येणारा बादल.

"आप्पा, कोण हा? तुमच्या वळखीचा तरी आहे का?" मी वैतागून विचारलं.

"न्हाई. नाव बी खोटंच आसंल." आप्पांनी चष्मा काढून पुसला. "तुझी काकू दवाखान्यात हुती, तवा फोन कुठं पडला हुता त्याचं भान न्हवतं मला. ती गेली. समदं इधी झालं, पावनं गेलं, घर रिकामं झालं. तवा फोन उघाडला. म्हनलं, ही मेंढरं बी मेली आसतील." त्यांनी चष्मा परत घातला. "समदी चरत हुती. रोज पाजलं हुतं त्यानं पानी. मला न इचारता."

 

परवा रविवारी सकाळी आम्ही कांदा निवडत होतो. आप्पांनी मला बांधावरून हाक मारली. फोन माझ्यापुढं धरला. बादलचा निरोप होता, हिंदीत. मी मराठीत वाचून दाखवला. कंपनीतलं काम सुटलं, गावी परतलो, मोबाइल फुटला होता. आज दुसरा हाती आला. सगळी मेंढरं जिवंत बघून रडू आलं. तुम्ही कोण आहात?

आप्पांनी फोन माझ्या हातात दिला.

"काय लिहू, आप्पा?"

"कोन हाय ते ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आधी इचार, जेवला का."