हत्तीची आंघोळ

"आजोबा, हे उद्यापर्यंत शिवून द्या," असं म्हणत नात मुंगीने पुस्तकाच्या सुट्या पानांचा गठ्ठा आजोबांच्या पुढ्यात टाकला. वर्गातलं एकुलतं एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक होतं ते. वीस पोरांच्या हाती लागून त्याची पार रया गेली होती आणि उद्या त्यातूनच पालकांसमोर वाचन होतं. "माझे आजोबा बाइंडर आहेत," असं मुंगीने बाईंना बिनदिक्कत सांगून टाकलं होतं.

पानांवर आकडे नव्हते. आजोबांचं आणि इंग्रजीचं कधी जमलं नव्हतं, पण चाळीस वर्षं बाइंडिंग केलेल्या माणसाने एवढ्याशा नातीला पानांचा क्रम विचारायचा? छे! चित्रं होतीच की. हत्ती केळी खातोय, हत्ती चिखलात लोळतोय, हत्ती टबात बसलाय, हत्ती झोपलाय. त्यात काय एवढं? शहाणा प्राणी झोपेतून उठतो, आंघोळ करतो, खातो, मग खेळायला जातो. आजोबांनी तशी पानं लावली, पक्की शिवण घातली आणि वर जाड पुठ्ठा चढवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला मुलगा पुस्तक उघडून धाडधाड वाचू लागला. शेजारी बसलेली सून आजोबांच्या कानाशी लागली.

"बाबा, तो म्हणतोय हत्ती केळी खातोय. बोट झोपलेल्या हत्तीवर आहे."

"मग?"

"गोष्टीत केळी आधी आहेत, झोप शेवटी. पानं चुकलीत तुमची."

आजोबांना घाम फुटला. जो येईल तो झोपलेल्या हत्तीला केळी चारत होता. बाईंचा चेहरा उतरत चालला होता. तेवढ्यात मुंगीचं नाव आलं. पोरीची फजिती होणार, तीही आपल्यामुळे! आजोबा उभेच राहिले.

"बाई, चूक माझी आहे. हिचा यात काही..."

"आजोबा, बसा ना. मी वाचतेय."

तिने चित्र बघितलं, अक्षरांवर बोट ठेवलं, अडखळली, पुन्हा चित्र बघितलं आणि झोपलेल्या हत्तीला इंग्रजीतून झोपू दिलं. टबातल्याला आंघोळ घातली. केळी त्याला त्यानंतर मिळाली.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे दोन महिने ही सगळी मला पाठ म्हणून दाखवत होती. वाचलं फक्त हिने."

आजोबांचा ऊर भरून आला. सुनेकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

संध्याकाळी बाई बारा नवीकोरी पुस्तकं घेऊन दुकानात हजर. "ही उसवून पुन्हा शिवायची आहेत, त्या हत्तीसारखी. उद्यापर्यंत होतील?"

आजोबांनी चष्मा पुसला. "उद्या कसं जमेल, बाई? सरळ शिवायची असती तर दिली असती. चुकवायचं म्हणजे विचार करावा लागतो."