दगूभाऊंच्या नाकासमोर

आमच्या शहरातल्या द्वारका चौकात एका परगावच्या माणसानं मला रस्ता विचारला. मी सहज म्हणालो, "नाकासमोर सरळ जा." शेजारी दगूभाऊ उभे होते. झालं! "कोनाच्या नाकासमोर? माझ्या नाकासमोर गेला तर हा गडी थेट नाल्यात पडंल!" तो बिचारा घाबरून समोरच्या रिक्षात बसला.

दगूभाऊंचं नाक मध्ये उंच आणि खाली डावीकडे वळलेलं. अंबडच्या कारखान्यात आम्ही एकाच पाळीत, घरंही भिंतीला भिंत लागून. त्यांच्यासमोर कुणी 'नाकी नऊ आले' म्हणायची खोटी, की लगेच दम: "नाकाचं बोलायचं काम नाय!" आता मला सांगा, नाक वगळून मराठी माणसानं भांडायचं तरी कसं? त्यात भिंतीपलीकडून त्यांचं घोरणं. चिडू नको तर काय करू?

मनीषा त्यांची एकुलती एक लेक. नाक हुबेहूब बापाचं. इगतपुरीचे पाहुणे तिला बघायला आले तेव्हा मीही बैठकीत होतो. मुलाचे वडील पोहे खाता खाता म्हणाले, "बाकी मुलगी छान आहे हो, फक्त नाक जरा..." दगूभाऊंनी त्यांच्या हातातली बशीच काढून घेतली. "पोहे तोंडानं खाता ना? मग नाकाचं काय पडलंय तुम्हाला?" बरं केलं! त्यांच्या जागी मी असतो तर पोहे त्या पाहुण्याच्या सदऱ्यात ओतले असते. मेल्यांना पोरीचं शिक्षण दिसलं नाही, स्वभाव दिसला नाही.

पण त्या दिवसापासून पोर घरातसुद्धा स्कार्फ बांधून वावरायला लागली. तिची आई समजावून थकली. दगूभाऊ तिला काहीच बोलायचे नाहीत, फक्त आमच्यावर दुप्पट ओरडायचे.

पुढे त्यांना श्वास घेणं अवघड झालं, म्हणून मीच डॉक्टरांकडे नेलं. "नाकाचं हाड वाढलंय, कापून टाका," यांनी जाताच हुकूम सोडला.

"हाड वाढलं नाही," डॉक्टर म्हणाले, "मधला पडदा वाकडा आहे. तो सरळ केला की श्वास मोकळा होईल. नाकात पट्ट्या भरू, त्या काढेपर्यंत तोंडानं श्वास घ्यायचा. नंतरही शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही. सूज उतरायला वेळ लागतो. हवं तर त्याच भुलीत बाहेरचा उंचवटाही घासून नाक सरळ करून देतो."

दगूभाऊ खुर्चीवरून उठलेच. "बाहेरच्याला हात लावायचा नाय! आत काय कापायचं ते कापा!"

मी भडकलो. "अहो, जन्मभर या नाकापायी जगाशी भांडलात. आता आयतं सरळ होतंय, तर नको? डोकं ठिकाणावर आहे का?"

"नाक तुमचं हाय का?"

"नाही."

"मग गप बसा."

 असल्या माणसासाठी रजा टाकली म्हणून स्वतःवरच संतापलो होतो.

ऑपरेशन झालं. सोबतीला पुन्हा मीच. संध्याकाळी मनीषा डबा घेऊन आली आणि दारातच थांबली. दगूभाऊंचं नाक सुजून असं फुगलं होतं, की उंचवटा पार बुजला होता.

"सरळ करून घेतलंत, पप्पा?" ती एवढंच म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

दगूभाऊ ताडकन उठून बसले. "सूज हाय ती! सूज! इकडं ये, बदे!" पट्ट्यांमुळे त्यांच्या 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' झाला होता. त्यांनी लेकीचं बोट धरलं आणि सुजलेल्या नाकावर दाबलं. कळ मस्तकात गेली असणार, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अहो, आत टाके आहेत!" मी ओरडलो.

ऐकतात कुठले! "लागलं का हाड? सांग, लागलं का? बी कशाला सरळ करीद? तू एकटी पडली असती दा. तुझं-बाझं एकच हाय अजूद!"

"लागलं, पप्पा," मनीषा रडता रडता हसली. "सोडा आता, दुखेल तुम्हाला."

त्यांनी बोट सोडलं नाही.